‘अक्का, तू नर्स आहेस, तूच नीट दे’

प्रश्न (सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

मी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरला स्टाफ नर्स आहे. घर तासगाव तालुक्यात. वडिलांची द्राक्षबाग आहे, बागेवर कर्जही आहे. धाकटा भाऊ बावीस वर्षांचा. बारावीनंतर पोलीस भरतीच्या मागे लागलाय, एका अकॅडमीत राहून सराव करतो. मागच्या भरतीत ग्राउंडला कमी पडला. 1600 मीटरचं टायमिंग 5 मिनिटं 40 सेकंदांच्या खाली येतच नाही.

मध्यंतरी तो सुट्टीला आला तेव्हा कपडे धुवायला काढताना त्याच्या बॅगेत इंजेक्शनची अर्धी संपलेली बाटली आणि सिरिंज सापडल्या. बाटली मी बघताक्षणी ओळखली. मेफेनटरमाइन. स्पायनलनंतर, म्हणजे पाठीतून भूल दिल्यावर, पेशंटचं बीपी उतरलं की आमचे भूलतज्ज्ञ देतात तेच. विचारलं तर म्हणाला, “अक्का, ही काय गांजा-दारू नव्हं. लो बीपीचं औषध हाय. अकॅडमीतली निम्मी पोरं घेत्यात. दम लागत न्हाई. ग्राउंड होईस्तोवरच घेणार.” तिथे कुणीतरी त्याचं बीपी मोजून ‘98/60, लो आहे’ असंही सांगितलंय म्हणे. मग म्हणाला, “बाहेर बाटली महाग पडती. तुझ्या हॉस्पिटलातनं आण. आणि तू नर्स आहेस, तूच नीट दे. म्हणजे इन्फेक्शनची भीती न्हाई.”

मी नाही म्हटलं तरी तो कुणाकडून तरी घेणारच. मग निदान माझ्या हातून, स्वच्छ सुईने, मोजून गेलेलं बरं नाही का? वडिलांना सांगितलं तर ते मारतील नाहीतर अकॅडमी बंद करून बागेत कामाला लावतील. डॉक्टरकडे नेलं तर पोलीस केस होऊन उद्या चारित्र्य पडताळणीत नाव येईल, ही भीती वेगळीच. हल्ली त्याला रात्ररात्र झोप नसते. ‘रूममधली पोरं माझ्यावर नजर ठेवतात,’ असं म्हणतो. पण ते भरतीचं टेन्शन असावं. मी काय करू?

उत्तर

ताई, आधी तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर. इंजेक्शन देऊ नका. हॉस्पिटलातून आणू तर अजिबातच नका. एकदाही नाही, ‘या ग्राउंडपुरतं’ही नाही. पण नकार दिला की तुमचं काम संपलं, असं मात्र नाही. भाऊ तुमच्याशी खरं बोललाय. अशी पोरं घरात कुणापाशी तोंड उघडत नाहीत, त्याने उघडलंय. ते दार उघडं ठेवून नाही कसं म्हणायचं, हा खरा प्रश्न आहे आणि बाकीचं उत्तर त्याबद्दलच आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. हे औषध माझ्याही ट्रॉलीवर रोज असतं आणि त्याने अनेक बायाबापड्यांना सांभाळलंय, त्यामुळे मी त्याच्या विरोधात नाही. सिझरला आपण पाठीत स्पायनल देतो तेव्हा काय होतं ते तुम्ही रोज बघता. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साचतं, बीपी झपकन उतरतं. बाई म्हणते, “डॉक्टर, मळमळतंय, कसंतरीच होतंय.” पोटातल्या बाळाचा रक्तपुरवठा आईच्या बीपीवर चाललेला असतो, म्हणून थांबायला वेळ नसतो. आपण शिरेतून मेफेनटरमाइन देतो, 3 किंवा 6 मिलिग्रॅम. दंडावरचा बीपीचा पट्टा पुन्हा फुगतो, आकडा वर येतो, बाईच्या चेहऱ्यावर रंग येतो. नाही आला तर पुन्हा थोडं. सलाईन चालू असतं, ऑक्सिजन हाताशी असतो आणि माझी नजर मॉनिटरवरून हलत नाही.

आता भावाच्या बॅगेतली बाटली आठवा. नेहमी मिळते ती 10 मिलिलिटरची असते आणि लेबलवर मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे एका बाटलीत 300 मिलिग्रॅम. मी ज्या मापाने देते त्या 6 मिलिग्रॅमचे पन्नास डोस त्या एका बाटलीत आहेत. पोरांनी सिरिंजमध्ये नुसतं एक मिलिलिटर ओढलं तरी ते माझ्या एका डोसच्या पाचपट झालं. आणि ते कुणाला? ज्याचं बीपी उतरलेलंच नाही अशा निरोगी पोराला, तेही पळायच्या आधी. जीव तोडून धावताना धडधाकट तरुणाचं वरचं बीपीसुद्धा 180-200 पर्यंत चढतं, नाडी 190 च्या घरात जाते. हृदय आधीच पूर्ण ताकदीने चाललेलं असताना त्याला वरून आणखी हाकायचं. शिवाय या औषधाने कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

“औषधच आहे, गांजा-दारू नव्हं,” हे त्याचं वाक्य त्याच्या तोंडी कुणीतरी घातलेलं आहे. मेफेनटरमाइनची रासायनिक घडण मेथअँफेटामिन या कडक व्यसन लावणाऱ्या नशेच्या पदार्थाच्या अगदी जवळची आहे. शरीरात त्याचं काही प्रमाणात फेंटरमिन होतं, जे परदेशात भूक मारायला, वजन उतरवायला देतात. म्हणून तर ते घेतल्यावर झोप उडते, भूक मरते, अंगात काहीतरी संचारल्यासारखं वाटतं. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत हेच औषध नाक मोकळं करायच्या इनहेलरमध्ये मिळायचं, तर लोकांनी ते इनहेलरसुद्धा नशेसाठी फोडले. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञांनी जिममध्ये जाणाऱ्या तरुणांमधलं या इंजेक्शनचं व्यसन आणि त्यातून आलेले भास-संशय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेत. पश्चिम महाराष्ट्रात ही इंजेक्शनं चोरून विकणारे पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

याने ताकद वाढत नाही, हे त्याला नीट समजावून सांगा. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी बीपी चढवणाऱ्या, शरीराला सावध करणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिन या द्रव्याचा साठा असतो, अडीअडचणीला शरीर तो थोडाथोडा वापरतं. हे औषध मुख्यतः तोच साठा एकदम बाहेर काढतं. पुढच्या पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळून भाकरी खाल्ल्यासारखं आहे ते. त्या दिवशी पोट भरतं. साठा उपसला गेला की तेवढ्याच औषधाने तेवढा परिणाम होत नाही आणि पोरगं डोस वाढवतं. थिएटरमध्येसुद्धा लागोपाठ दिलं की हे औषध फिकं पडतं, ते तुम्ही पाहिलं असेल. म्हणून ‘ग्राउंड होईस्तोवरच’ हा हिशोब टिकत नाही. ग्राउंडची तारीख पुढे गेली, मग लेखी आलं, मग पुढची भरती. दरवेळी एक नवं ‘तोवरच’.

एक गोष्ट कबूल करून बोला, नाहीतर तो तुमचं ऐकणार नाही. एखाद्या दिवशी त्याचं टायमिंग दोन-चार सेकंदांनी सुधारल्यासारखं वाटलंही असेल. ‘काही फायदाच होत नाही’ असं म्हणालात तर तो मनात म्हणेल, हिला काय माहीत. दमल्याची जाणीव दाबली जाते, हे खरंच आहे. पण दमल्याची जाणीव हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो बंद पडला की पोरगं थांबायच्या जागी थांबत नाही.

आता तुमच्या मनातला खरा पेच, स्वच्छ सुईचा. हा विचार मी उडवून लावणार नाही, त्यामागे माया आहे आणि थोडं तथ्यही आहे. दहा मिलिलिटरची एक बाटली चार-पाच पोरांत फिरते, तीच सुई पुन्हा बुडवली जाते, आणि त्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही एकाचं दुसऱ्याला होऊ शकतं. गळू होतं, शिरा खराब होतात. तुमच्या हातून गेलं तर यातलं बरंच टळेल, मान्य. पण हृदयाचं काय? झोपेचं काय, डोक्याचं काय? त्यावर स्वच्छ सुईचा काडीचा उपयोग नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, तुम्ही दिलंत त्या क्षणी त्याच्या मनात ते इंजेक्शन उपचार ठरतं. ‘आमची अक्का थिएटरला नर्स आहे, तीच देते,’ हे वाक्य अकॅडमीत दुसऱ्या दिवशी पोचेल. मग रूममधला दुसरा पोरगा तुमच्याकडे येईल.

तुमच्या नोकरीचंही बोलायला हवं, कारण तुम्ही पत्रात स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देणं, थिएटरच्या साठ्यातून बाटली काढणं, यात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी जाऊ शकते आणि चोरीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. कर्जाचे हप्ते चालू असलेल्या घरात तुमचा पगार काय आहे, हे भावालाही कळतं. त्याला ते स्पष्ट सांगा. यात त्याला अपराधी वाटायला लावायचं नाही, पण तो काय मागतोय ते त्याला कळलं पाहिजे.

आणि हेही त्याला सांगा की तू घेणं थांबवत नाहीस तोवर निदान दुसऱ्याची सुई, दुसऱ्याने वापरलेली बाटली अंगाला लावायची नाही. असं बोलण्याने परवानगी दिल्यासारखं होतं असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. परवानगी हातात सिरिंज घेतल्याने मिळते, धोका सांगितल्याने मिळत नाही.

आता त्या 98/60 कडे येऊ. हे पत्र वाचणाऱ्या बऱ्याच घरांना त्याचा उपयोग आहे. बावीस वर्षांचा, रोज पळणारा, सडपातळ पोरगा. त्याचं बीपी 98/60 असेल आणि त्याला उठताना अंधारी येत नसेल, चक्कर येत नसेल, तर तो आजार नाही. नियमित पळणाऱ्यांची नाडीही संथ असते, बीपीही जरा खालीच असतं. आपल्याकडे ‘लो बीपी’ हे फार सहज चिकटवलं जाणारं निदान आहे. थकवा आला, लो बीपी. उपास धरला नि गरगरलं, लो बीपी. मग मीठ-साखरेचं पाणी, नाहीतर गावातल्या दवाखान्यात सलाईन. खरं बीपी कमी होत असेल तर आधी ते का होतंय ते शोधायचं असतं. पाणी कमी पडतंय का, जुलाब झालेत का, रक्त कमी आहे का, प्रोस्टेटची किंवा बीपीची गोळी चालू आहे का, जुना मधुमेह आहे का. मोजायची रीतही साधी आहे. पाच मिनिटं आडवं पडून मोजायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवायचं. त्यासाठी घरी घ्यायच्या वेगळ्या गोळ्या आहेत, मिडोड्रिन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन. त्यासुद्धा तपासणीनंतर, ठरलेल्या वेळीच घ्यायच्या असतात. मिडोड्रिन तर झोपायच्या आधीचे चार तास घेत नाहीत, कारण आडवं पडल्यावर बीपी फार चढतं. मेफेनटरमाइनचं इंजेक्शन लो बीपीच्या नावाखाली घरी किंवा मैदानावर घ्यायचं औषध नाहीच. शिरेतून दिलं तर अर्ध्या तासाच्या आत त्याचा असर ओसरतो, स्नायूतून दिलं तर एक ते चार तासांत. ते आणीबाणीसाठीच आहे.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ शेवटची आहे. झोप नसते, आणि पोरं नजर ठेवतात असं म्हणतो. तुम्ही ती भरतीच्या टेन्शनवर ढकलून दिलीत. टेन्शनने झोप उडते, चिडचिड होते, हे खरं. पण आपल्यावर पाळत आहे, आपल्याबद्दल कुजबुज चाललीय, असा संशय या औषधाने येतो आणि वाढत जातो. पुढे आवाज ऐकू येणं, कुणीतरी जिवावर उठलंय असं वाटणं, इथपर्यंत जातं. बहुतेकांचं औषध थांबवल्यावर आणि उपचार घेतल्यावर उतरतं, पण वेळीच हाती घ्यावं लागतं. म्हणून तुमचा प्रश्न ‘इंजेक्शन द्यावं की नाही’ इतका छोटा उरलेला नाही. त्याला याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचंय. तो म्हणतो त्या गोष्टींवर वाद घालू नका, ‘कुणी बघत नाही रे, तुझा भ्रम आहे’ असं म्हणू नका. ‘तुला झोप नाही, त्याने माणूस हैराण होतो, झोपेसाठी तरी डॉक्टरांना भेटू’ असं म्हणा. झोपेसाठी जायला पोरं तयार होतात.

कधी बोलायचं? सकाळच्या सरावानंतर लगेच नको, इंजेक्शनचा अंमल असेल तेव्हा तर नकोच. जेवण झाल्यावर, बागेकडे जाता-येता, दोघंच असताना. आई-वडिलांसमोर पहिल्यांदा काढू नका. ‘तू नशा करतोस’ या वाक्याने सुरुवात केलीत तर तो उठून जाईल. असं काहीतरी म्हणता येईल: “बाटली मी ओळखते, रोज बघते. म्हणूनच तुला देणार नाही. तुझं ग्राउंड निघावं असं मलाही वाटतं. आधी तुझा ईसीजी काढू, रक्त तपासू, टायमिंग का अडकलंय ते बघू. मी सुट्टी टाकते.” आणि मग गप्प बसा. तो चिडला तरी चालेल, विषय एका बैठकीत संपणार नाही.

वडिलांचं काय? तुम्ही गृहीत धरलंय की ते मारतील. त्यांना तुम्ही माझ्यापेक्षा नक्कीच ओळखता. पण बाटली सापडल्या दिवशी सांगणं आणि ‘डॉक्टरांची वेळ घेतलीय, उपचार चालू होतोय, मला तुमची गरज आहे’ असं सांगणं यात फरक आहे. पहिल्यात त्यांच्या हाती राग काढण्याशिवाय काही नसतं, दुसऱ्यात करण्यासारखं काम असतं. भावाला आधी कल्पना देऊन, त्याच्या समोर सांगा. ते अगदीच शक्य नसेल तर मामा, काका, शाळेतले एखादे सर, घरात ज्याचा शब्द चालतो असा एक माणूस सोबत घ्या. हे गुपित तुम्ही एकटीने ड्यूटी सांभाळून वाहायचं नाही. अकॅडमी कायमची बंद करायलाही माझा विरोध आहे. पोराचा सगळा दिवसच तिथे आहे. तो काढून घेतला तर रिकाम्या दिवसात बाटलीच आठवते. पण सध्या काही आठवडे घरून, हलका सराव, आणि पुढे अकॅडमी बदलून, हे मला बरं वाटतं. त्याच रूमवर, त्याच पोरांत परत पाठवू नका.

पोलीस केसची भीती समजण्यासारखी आहे. पण उपचार मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका, कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर ती बाहेर जात नाही. खरं सांगायचं तर त्याच्या भरतीला धोका दवाखान्यात नाही. तो अकॅडमीच्या रूममध्ये आहे, जिथे उद्या छापा पडला तर बॅगेतली बाटली त्याच्या नावावर लागेल, किंवा ग्राउंडवरच तो कोसळेल.

डॉक्टरांकडे गेल्यावर काही लपवू नका. कोणतं इंजेक्शन, किती, किती वेळा, शिरेतून की स्नायूतून, सोबत स्टेरॉइड किंवा जिममधली पावडर होती का, सगळं सांगायचं. बाटलीच्या लेबलचा फोटो जवळ ठेवा. आत लेबलवरचंच औषध असेल अशी खात्री चोरट्या मालात नसते. बीपी, ईसीजी आणि डॉक्टरांना वाटलं तर हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. नुकताच संसर्ग झाला असेल तर तो लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी या तपासण्या पुन्हा करायच्या. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ती घ्यायची. आणि हिमोग्लोबिन आवर्जून बघा. अनेक पोरं एका वेळच्या जेवणावर दोन वेळचा सराव करतात, रक्त कमी असतं, आणि टायमिंग अडकलं की दोष जिद्दीला देतात.

इंजेक्शन बंद केल्यावर पहिले काही दिवस तो नुसता झोपेल, चिडेल, उदास होईल, हातपाय गळाल्यासारखं म्हणेल. पाहुणे आळशी म्हणतील. तुम्ही म्हणू नका. उपसलेला साठा भरून यायला वेळ लागतो. त्या काळात जोरात पळायचं नाही, एनर्जी ड्रिंक नको, सर्दीच्या गोळ्यासुद्धा विचारून, कारण त्यांतही रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं. उदासी फार खोल गेली, जगण्यात राम नाही असं काही बोलला, तर ते भावनेच्या भरातलं समजून सोडू नका, त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, धडधड थांबत नसणं, अचानक भयंकर डोकेदुखी, घेरी, किंवा अंग तापून बरळणं, यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करायचा आणि आल्या आल्या इंजेक्शनचं सांगायचं. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर माझ्यासारख्या भूलतज्ज्ञालाही सांगायचं. आम्हाला हे आधी माहीत असलेलं फार बरं पडतं.

माझ्याकडे तालमीतल्या पैलवानांचीही अशी पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक यादीत मेफेनटरमाइन हे स्पर्धेच्या वेळी बंदी असलेलं उत्तेजक आहे. नमुन्यात सापडलं तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, तो वारसा सांगणाऱ्या भागातल्या पोराची उमेदीची चार वर्षं एका बाटलीत जावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टायमिंगचं मात्र सोडून देऊ नका. पूर्ण गुणांसाठी 5 मिनिटं 10 सेकंद हवीत आणि तो 5:40 ला आहे. तीस सेकंद हे पुष्कळ अंतर आहे, पण बावीस वर्षांच्या पोराला काही महिन्यांच्या शिस्तशीर सरावाने गाठता न येण्यासारखं नाही. रोज 1600 जीव तोडून पळणं हीच बहुतेक अकॅडम्यांची रीत असते आणि तिथेच पोरं अडकतात. आठवड्यातले बरेचसे दिवस संथ, लांब पळणं. एक-दोन दिवस 400 मीटरचे वेगवान तुकडे, मध्ये विश्रांती देऊन. एक दिवस पूर्ण सुट्टी. पोटभर जेवण आणि रात्रीची झोप. पण हे सगळं ईसीजी आणि डॉक्टरांच्या होकारानंतरच. शिवाय ग्राउंड 50 गुणांचं असतं. 100 मीटर आणि गोळाफेकीचे 15-15 गुण त्यात आहेत, तिकडेही लक्ष दिलं तर सगळा भार एका धावेवर पडत नाही.

अकॅडमीत बाटल्या कोण पुरवतो, ते भावाला पहिल्या भेटीत विचारू नका. तो सावरला, बोलता झाला की अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा पोलिसांकडे कळवण्याचा विचार करता येईल. बाटलीचा बॅच नंबर तिथे कामी येतो. तुमच्या थिएटरमध्येही रिकाम्या आणि उरलेल्या बाटल्यांचं काय होतं, त्याची नोंद नीट राहते का, हे इन्चार्ज सिस्टरांशी बोला. भावाचं नाव घ्यायची गरज नाही.

मदत जवळच आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि सांगलीच्या सिव्हिलला मानसोपचार विभागाची ओपीडी शोधा. ओळखीच्या लोकांत जायला तो लाजत असेल तर कोल्हापूर किंवा सातारा चालेल. साताऱ्याच्या वाचकांसाठी तिथलं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी 14446 आहे. पहिला फोन तुम्ही स्वतःच करा, भाऊ तयार होईपर्यंत थांबू नका. काय बोलायचं, कसं न्यायचं, ते घरच्यांनाही सांगतात. पहिल्या तपासणीला त्याच्यासोबत जा. आत गेल्यावर डॉक्टरांना तुम्हाला दिसलेलं सगळं सांगा, झोपेचं आणि संशयाचं विसरू नका, आणि मग बाहेर येऊन बसा. उरलेलं त्याला एकट्याला बोलू द्या.